काम हात बदलतं तिथं चूक होते: छोट्या उद्योगातल्या चुका आणि नासाडी कमी करण्याची पद्धत

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये भंगाराचा आजचा दर मालकाला तोंडपाठ असतो. किती पीस रिजेक्ट झाले तेही तो सांगेल. पण गेल्या महिन्यात किती बिलं दुरुस्त करावी लागली, किती चलनं परत लिहिली, एकाच ड्रॉइंगसाठी पार्टीला किती वेळा फोन केला, असं विचारलं की उत्तर मिळत नाही, कारण ते कुणी मोजत नाही. रिजेक्ट पीस कोपऱ्यात पडलेला दिसतो. ऑफिसातली चूक दुरुस्त केली की दिसेनाशी होते आणि तिच्यावर गेलेला वेळ पगारात मिसळून जातो.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पट्ट्यातल्या लहान कारखान्यांबरोबर काम करताना माझं एक मत पक्कं झालंय. लेथवरच्या माणसाला लेथ येतो, हिशेबनिसाला हिशेब येतो. बहुतेक चुका त्यांच्या हातून काम होताना होत नाहीत, एकाच्या हातातलं काम दुसऱ्याच्या हातात जाताना होतात. ऑर्डर घेणाऱ्याकडून सुपरवायझरकडे, सुपरवायझरकडून मशीनवर, मशीनवरून डिस्पॅचला, तिथून बिलाला. या जागा शोधायच्या कशा आणि बंद करायच्या कशा, ते इथं क्रमानं सांगतो. उदाहरणं मशीन शॉप आणि फाउंड्रीची जास्त आहेत, पण गुळाचा व्यापार, चप्पल किंवा मसाला विकणाऱ्यालाही हीच पद्धत चालते.

पहिली पायरी: एकच काम निवडा

'सगळी सिस्टीम सुधारायची' असं ठरवून बसलात तर दोन बैठकांनंतर काही उरत नाही. एक काम घ्या, त्याची सुरुवात आणि शेवट ठरवा. 'ऑर्डरचा निरोप आला इथपासून बिल पार्टीला पोचलं इथपर्यंत' ही चांगली निवड आहे. 'क्वालिटी सुधारणं' ही निवड नाही, कारण तिला सुरुवातही नाही आणि शेवटही नाही.

निवडताना तीन गोष्टी बघा: काम रोज किंवा आठवड्यातून बऱ्याच वेळा होतं का, त्यात चूक झाली की पैसे अडकतात का, आणि त्यातले सगळे टप्पे तुमच्या ताब्यात आहेत का. ट्रान्सपोर्टवाल्याची गाडी उशिरा येते ही खरी अडचण आहे, पण सुरुवात तिथून करू नका.

दुसरी पायरी: कामाच्या मागे चाला

केबिनमध्ये बसून काम कसं चालतं ते लिहू नका. मालकाला जे वाटतं आणि शॉपमध्ये जे घडतं त्यात नेहमी फरक असतो. एक ऑर्डर धरा आणि ती जिथं जिथं जाते तिथं तिच्यामागे जा. प्रत्येक ठिकाणी उभं राहून चार गोष्टी टिपा: काम कुणाकडून आलं, कशावरून आलं (फोन, व्हॉट्सॲप, चिठ्ठी की नुसतं तोंडी), इथं प्रत्यक्ष हात किती वेळ लागला, आणि हात लागण्याआधी किती वेळ पडून होतं. हे सगळं मोठ्या कागदावर डावीकडून उजवीकडे काढा. काम जिथं एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातं तिथं लाल पेनानं खूण करा.

उद्यमनगरातल्या एका शॉपमध्ये असाच कागद काढला, त्यातला एक तुकडा सांगतो. पंपाच्या बेअरिंग हाउसिंगचं मशीनिंग होतं, कास्टिंग शिरोलीहून यायचं. ड्रॉइंग पार्टीकडून मालकाच्या व्हॉट्सॲपवर, तिथून सुपरवायझरच्या व्हॉट्सॲपवर, मग प्रिंट काढून मशीनवर. पार्टीनं ड्रॉइंग बदललं, सर्क्लिपची (पार्ट जागेवर धरणाऱ्या रिंगची) खाच 2 मिमी आत घेतली. नवीन फाइल मालकाकडे आली, त्यांनी पुढं पाठवली, सुपरवायझरनं प्रिंटही काढली. पण मशीनच्या बाजूच्या पत्र्याला तेलानं चिकटलेली जुनी प्रिंट तशीच होती, आणि दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरनं तीच बघून लॉट पूर्ण केला. त्यानं ड्रॉइंगप्रमाणे अगदी अचूक काम केलं होतं. प्रत्येकानं आपापलं काम बरोबर केलं, तरी पूर्ण लॉट गेला. कागदावर लाल खूण कुठं करायची ते यावरून कळतं: नवीन प्रिंट येते त्या क्षणी जुनी कुणी काढायची, हे कुणाकडंच नव्हतं.

तिसरी पायरी: दोन-तीन आठवडे नुसतं मोजा

या टप्प्यावर काही बदलायचं नाही. मालकांना हेच सगळ्यात अवघड जातं. पण आधी मोजलं नाही तर नंतर सुधारणा झाली की नाही हे कधीच कळणार नाही.

चूक म्हणजे काय ते आधी एका वाक्यात ठरवा. मी ही व्याख्या वापरतो: पुढं गेलेलं काम परत आलं, किंवा ज्याला दुसऱ्यांदा हात लावावा लागला, ती चूक. लहान-मोठं बघायचं नाही. पार्टीला 'साहेब, क्वांटिटी किती म्हणालात?' असा दुसरा फोन करावा लागला तरी ती नोंद झाली पाहिजे.

प्रत्येक लाल खुणेजवळ एक तक्ता लटकवा. डाव्या बाजूला चुकीचे प्रकार: प्रमाण चुकलं, ड्रॉइंग जुनं, चलन नंबर नाही, दर चुकला, पीस कमी भरले. वर तारखा. चूक दिसली की उभी रेघ, पाचवी आडवी. माणसाच्या नावाचा रकाना ठेवायचा नाही. नावाचा रकाना आला की तिसऱ्या दिवसापासून तक्ता कोरा राहतो, मी हे पुन्हा पुन्हा पाहिलंय. पगारातून नुकसान कापण्याची धमकी तर मुळीच नको. कापलेले पैसे थोडे असतात, पण त्यानंतर चुका लपवल्या जातात आणि लपवलेली चूक थेट पार्टीच्या दारात उघडी पडते.

मोजणी हातात आली की एक हिशेब जरूर करा. समजा कामाचे पाच टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर 100 पैकी 95 वेळा काम पहिल्याच वेळी बरोबर होतं. प्रत्येक जण म्हणेल, 95 टक्के म्हणजे चांगलंच की. पण पाचही टप्पे एकदाही अडखळल्याशिवाय पार करणाऱ्या ऑर्डरी 0.95 चा पाच वेळा गुणाकार केला की 100 पैकी साधारण 77 उरतात. उरलेल्या 23 ऑर्डरींना कुठं ना कुठं परत हात लागतो. 'सगळे नीट काम करतात तरी रोज धावपळ का' या प्रश्नाचं उत्तर या गुणाकारात आहे. म्हणूनच टप्पे कमी करणं हे टप्पे सुधारण्याइतकंच, कधी कधी त्याहून जास्त, उपयोगी पडतं.

तक्ता भरला की प्रकार मोठ्यापासून लहानाकडे लावा. बहुतेक वेळा दोन-तीन प्रकारांतच निम्म्याहून जास्त रेघा सापडतात. गुणवत्तेच्या क्षेत्रात जोसेफ जुरान यांनी ही गोष्ट पॅरेटो या इटालियन अर्थतज्ज्ञाच्या नावानं रूढ केली. पहिले दोन प्रकार घ्या, बाकीचे सध्या सोडून द्या.

नासाडी कुठं लपते

टोयोटातले तैइची ओनो यांनी नासाडीचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त बनवणं, वाट बघणं, मालाची विनाकारण ने-आण, गरज नसलेली प्रक्रिया, साठा, माणसाची विनाकारण हालचाल आणि सदोष माल. यादी पाठ करण्यात अर्थ नाही. पण पहिल्या प्रकारावर थांबायला हवं, कारण आपल्याकडे त्याला नासाडी मानतच नाहीत, उलट हुशारी मानतात.

फाउंड्रीतल्या कोअरचं, म्हणजे कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायच्या वाळूच्या ठोकळ्याचं बघा. कोअर शॉपला फुरसत आहे म्हणून पुढच्या आठवड्याचे कोअर आजच करून रॅकवर लावले जातात. माणसं रिकामी बसली नाहीत याचं समाधान मिळतं. कोल्हापूरचा पावसाळा मात्र मोठा आणि ओला असतो. पडून राहिलेले कोअर, विशेषतः सोडियम सिलिकेटवाले, हवेतला ओलावा धरतात. वितळलेला धातू त्यांच्याभोवती आला की त्या ओलाव्याची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे आत पोकळ खड्डा येतो. तो ब्लोहोल कधी कधी फेटलिंगमध्ये, म्हणजे कास्टिंग साफ करतानाही दिसत नाही. कास्टिंग मशीन शॉपला जातं, बोअर होतो आणि शेवटच्या कटमध्ये खड्डा उघडा पडतो. तोवर त्या पीसवर वीज, टूल, मजुरी आणि गाडीभाडं सगळं चढलेलं असतं. जास्तीचं उत्पादन, त्यातून साठा, साठ्यातून दोष, दोषातून परतफेरी, अशी सगळी साखळी 'वेळ होता म्हणून केलं' यातून सुरू झालेली असते. कोअर रॅकवर तयार केल्याची तारीख लिहा, आधीचा कोअर आधी वापरा, आणि पावसाळ्यात किती दिवसांपेक्षा जुना कोअर वापरायचा नाही ते तुमच्या रिजेक्शनच्या नोंदीवरून ठरवा.

ऑफिसात साठा म्हणजे न केलेली बिलं आणि न उघडलेले मेल. शुक्रवारची सहा चलनं शनिवारी एकदम बिल करायची म्हणून ठेवली की सहापैकी एकाचा दर कुणाला तरी आठवत नाही.

चौथी पायरी: कारण सापडेपर्यंत विचारत राहा

'का?' हा प्रश्न पाच वेळा विचारण्याची पद्धत जपानी माग-संशोधक साकिची तोयोदा यांच्या नावानं ओळखली जाते. ती सोपी दिसते, पण बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच 'का' ला 'दुर्लक्ष झालं' असं उत्तर येतं आणि चौकशी संपते. माझा नियम असा: उत्तरात माणसाचं नाव किंवा 'लक्ष नव्हतं' आलं, तर ते उत्तर धरायचं नाही, आणखी एक 'का' विचारायचा.

आपल्या भागातलं एक उदाहरण घेऊ. कर्नाटकाची हद्द इतकी जवळ की निपाणी-बेळगावच्या पार्ट्या आपल्याला परराज्यातल्या वाटतच नाहीत. निपाणीच्या नव्या पार्टीला बिल गेलं, त्यात परराज्यातल्या विक्रीचा आयजीएसटी लावायच्या ऐवजी राज्यातल्या विक्रीचे सीजीएसटी आणि एसजीएसटी लागले.

का? सॉफ्टवेअरमध्ये त्या पार्टीचं राज्य महाराष्ट्र होतं. का? नवीन खातं उघडताना राज्य आपोआप महाराष्ट्र येतं, ते बदललं नाही. का? खातं उघडताना जीएसटी नंबर हातात नव्हता, तो नंतर टाकला. का? पार्टीची माहिती व्हिजिटिंग कार्डाच्या फोटोवरून घेतली होती आणि गाडी दारात उभी होती. का? आपल्याकडे नव्या पार्टीचं खातं पहिल्या बिलाच्या वेळी उघडतात, ऑर्डर पक्की होते तेव्हा नाही.

शेवटचं उत्तर बदलता येतं. ऑर्डर पक्की झाली की त्याच दिवशी पार्टीकडून जीएसटी प्रमाणपत्राची प्रत मागवायची, खातं तेव्हाच उघडायचं. 15 अंकी-अक्षरी जीएसटी नंबरातले पहिले दोन अंक राज्याचे असतात: महाराष्ट्र 27, कर्नाटक 29. ते दोन अंक आणि खात्यातलं राज्य जुळतं का, हे बघितल्याशिवाय खातं चालू करायचं नाही. बिल एकाच्या नावे आणि माल दुसऱ्याच्या पत्त्यावर असेल तर नुसते अंक बघून भागत नाही, तिथं सीएला विचारा.

या चुकीची किंमत कागदापुरती नसते. चुकीच्या खात्यात भरलेला कर परत मागता येतो, पण बरोबर कर आधी भरावा लागतो, म्हणजे तेवढी रोकड अडकते. ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) किंवा ई-इन्व्हॉइस रद्द करायची मुदत 24 तासांची असते. चूक दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कळली तर क्रेडिट नोटचा लांबचा रस्ता घ्यावा लागतो. आणि बिलात चूक दाखवून पार्टीला पेमेंट लांबवायला आयतं कारण मिळतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यायचे असं 2006 चा एमएसएमईडी कायदा सांगतो, पण चुकीचं बिल पाठवून त्या कायद्यावर बोट ठेवता येत नाही.

हद्दीवरचा आणखी एक सापळा इथंच सांगून ठेवतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल जाताना ई-वे बिलाची मर्यादा 1 लाख रुपये आहे, परराज्यात 50 हजार. पण जॉबवर्कसाठी (दुसऱ्याकडून काम करून घ्यायला) माल दुसऱ्या राज्यात पाठवताना रक्कम कितीही कमी असली तरी ई-वे बिल लागतं. बिलाच्या टेबलावर हे मोठ्या अक्षरात लावलेलं असावं.

पाचवी पायरी: चूक होऊच नये अशी सोय करा

कारण सापडलं की पहिला विचार 'सगळ्यांना सांगू' हा येतो. मीटिंग घेतली, फलक लावला, ग्रुपवर मेसेज टाकला. हा उपाय सगळ्यात कच्चा, कारण तो माणसाच्या आठवणीवर उभा असतो. शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्यानं पोका-योके नावानं जी विचारपद्धत मांडली तिचा गाभा वेगळा आहे: कामाची रचनाच अशी करा की चूक करता येणार नाही, आणि ते जमलं नाही तर निदान चूक झाल्या जागी लगेच दिसेल.

फिक्स्चरमध्ये एक पिन अशा जागी बसवा की कास्टिंग उलटं बसणारच नाही. 24 बुश पाठवायचे असतील तर 24 भोकांचा ट्रे करा. एक भोक रिकामं दिसलं की मोजायची गरज नाही. बारीक पार्ट असतील तर भरलेल्या बॉक्सचं वजन ठरवून घ्या आणि पॅकिंगच्या टेबलावर काटा ठेवा. मघाच्या ड्रॉइंगच्या बाबतीत त्या शॉपनं दोन बदल केले. जुनी प्रिंट हातात दिल्याशिवाय नवीन मिळत नाही. आणि जॉब कार्डावर ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर आधीपासून छापलेला नसतो, ऑपरेटर समोरच्या प्रिंटवरून वाचून स्वतः लिहितो, सुपरवायझर तो ऑर्डरशी जुळवतो. छापलेला नंबर कुणी वाचत नाही, लिहायचा असेल तर वाचावाच लागतो.

ऑनलाइन कोल्हापुरी चप्पल विकणाऱ्यांची मोठी डोकेदुखी म्हणजे साइज चुकून परत येणारे जोड. 7, 8, 9 हे आकडे प्रत्येक बनवणाऱ्याच्या फर्म्यावर वेगळे पडतात, त्यात ग्राहक बुटाचा युरोपियन नंबर सांगतो. फोनवर समजावत बसण्यापेक्षा ऑर्डरच्या फॉर्ममध्ये नंबर विचारूच नका. पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये विचारा, कागदावर पाय ठेवून कशी मोजायची त्याचा फोटो द्या आणि नंबर तुम्ही ठरवा. कोल्हापुरी नवीन असताना घट्ट असते आणि वापरून सैल होते, ही एक ओळही तिथंच लिहा. ती नसेल तर नीट बसणारा जोडही 'लहान आहे' म्हणून परत येतो.

साकिची तोयोदा यांच्या मागाचं वैशिष्ट्य होतं की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. इचलकरंजीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. धागा तुटूनही माग चालत राहिला तर किती कापड बाद होतं ते तिथं पोराटोरांना माहीत आहे. ऑफिसातही असा थांबा हवा. चलनावर पार्टीचा पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर नसेल तर बिल करणाऱ्या मुलीला काम थांबवायचा पूर्ण अधिकार द्या, आणि तिनं थांबवलं म्हणून 'गाडी उभी आहे, आत्ता कर, नंतर बघू' असं मालकानं स्वतः म्हणू नये. असं एकदा म्हटलं की तो अधिकार संपतो.

सहावी पायरी: नवी पद्धत एका पानावर

बदल ठरला की तो लिहा, पण एका पानापेक्षा जास्त नाही. जो काम करतो त्यानंच सांगावं, दुसऱ्यानं उतरवावं. फोटो भरपूर घाला, कारण शॉपमध्ये बिहार-ओडिशाकडचे कामगार असतील तर मराठी परिच्छेद त्यांच्या उपयोगाचा नाही. बरोबर पीसचा फोटो, शेजारी चुकीच्या पीसचा, त्यावर लाल काट. खाली तारीख. कामाच्या जागीच लावा. फाइलमध्ये ठेवलेली पद्धत ऑडिटला उपयोगी पडते, कामाला नाही.

सातवी पायरी: रोज दहा मिनिटं, उभ्यानं

पाळी सुरू होताना फळ्याजवळ सगळ्यांनी उभं राहायचं. कालच्या रेघा किती, कुठल्या प्रकारच्या, काय अडलं, कोण सोडवणार, कधीपर्यंत. लांबलचक चर्चा तिथं करायची नाही. मालक त्या दहा मिनिटांना हजर असला पाहिजे. तो दोन-चार दिवस आला नाही की बाकीचेही येत नाहीत.

इथं एक सावधानी सांगतो. चुकांचा आकडा रोज थोडा वर-खाली होणारच. काल तीन, आज पाच, म्हणून आरडाओरडा करू नका, आणि उद्या दोन झाल्या म्हणून पेढेही वाटू नका. वॉल्टर शूहार्ट यांनी 1924 मध्ये नियंत्रण तक्ता मांडला तो याचसाठी: नेहमीचा चढउतार कुठला आणि खरोखर काही बिघडलंय हे सांगणारा कुठला, हे वेगळं करायला. तुम्हाला लगेच गणित नको असेल तर निदान आलेख काढा आणि बदलाच्या आधीचे तीन आठवडे नंतरच्या तीन आठवड्यांशी ताडून बघा. आकडा खाली सरकून तिथंच राहिला तर बदल चालला. नाही सरकला तर कारण चुकीचं धरलं होतं. तो बदल काढून टाका आणि चौथ्या पायरीवर परत जा. उपयोग नसलेले जास्तीचे रकाने आणि सह्या काढायचं धाडस पाहिजे, नाहीतर दोन वर्षांत तपासण्यांचाच डोंगर होतो आणि ती गरज नसलेली प्रक्रिया नवी नासाडी बनते.

मदत कुठं मिळेल

उद्यम नोंदणी असेल तर केंद्र सरकारच्या दोन योजना कामाच्या आहेत. मार्च 2023 मध्ये सुरू झालेली एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह (लीन, म्हणजे नासाडी कमी करण्याची) योजना: पहिल्या प्राथमिक स्तरानंतरच्या स्तरांवर सल्लागाराच्या खर्चाचा 90 टक्के वाटा केंद्र उचलतं. दुसरी झेड (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट) प्रमाणपत्राची. तिथं प्रमाणपत्राच्या खर्चावर सूक्ष्म उद्योगाला 80, लघु उद्योगाला 60 आणि मध्यम उद्योगाला 50 टक्के अनुदान असतं. अर्जाआधी पोर्टलवरचे त्या वेळचे नियम वाचा. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, शिरोलीची स्मॅक आणि गोकुळ शिरगावची गोशिमा या संघटनांकडे विचारलं तर आधी योजना घेतलेले शेजारचे कारखाने कुठले ते कळेल. सल्लागार ठरवण्याआधी त्यातल्या एखाद्याच्या शॉपमध्ये जाऊन या, आणि मालकाच्या केबिनमध्ये न बसता मशीनवरच्या माणसाला विचारा की सल्लागार गेल्यावर काय काय चालू राहिलं.

पहिलं काम तीन महिने स्थिर राहिलं की दुसरं घ्या, आणि ते पहिल्याला माल किंवा माहिती पुरवणारं घ्या. बिलातल्या चुका कमी झाल्या असतील तर पुढची पाळी ऑर्डर घेण्याच्या पद्धतीची. नवीन माणूस, नवीन मशीन किंवा नवीन मोठी पार्टी आली की जुन्या कामाच्या मागेही एकदा परत चालून या.